ढकला!

मे महिना उजाडला, की महाराष्ट्रातल्या प्रत्येक तरणतलावाच्या काठावर एक तरी आप्पा उगवतात. दादरच्या महात्मा गांधी तलावावर ते असतात, ठाण्याच्या मारोतराव शिंदे तलावावर असतात, आणि पुण्यात तर एकेका बॅचमागे दोन-तीन सहज निघतात. नातवाची पिशवी काखेत, नाक जाळीला टेकलेलं. आत मॅडम पाच-सहा वर्षांची पोरं बेबी टँकच्या पायरीवर ओळीने बसवतात, तोच बाहेरून आवाज येतो, “अहो मॅडम, बसवताय काय त्यांना? ढकला!”

अशाच एका आप्पांचं म्हणणं असं, की आजवर जगात जो कोणी पोहायला शिकला, त्याला आधी कोणीतरी ढकललेलं आहे. त्यांना स्वतःला तासगावकडच्या विहिरीत, वयाच्या सातव्या वर्षी. “वर आलो तो पोहतच!” ही गोष्ट त्यांच्या सुनेने लग्नाच्या बोलणीत ऐकली, मांडवात ऐकली आणि बाळंतपणाच्या खोलीच्या दारात ऐकली.

पुढे ढकलणं हा त्यांचा सर्व रोगांवरचा उपाय झाला. नातू बालवाडीच्या फाटकाशी रडला, ढकला. सून स्कूटर शिकताना पाय उचलेना, ढकला. पुतण्या मुलीला होकार देईना, ढकला. सोसायटीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली तेव्हाही आप्पांनी आतून तोच सल्ला दिला. स्वतःच्या मोतीबिंदूच्या वेळी मात्र ते तीनदा तारीख घेऊन तीनदा परत आले. चौथ्यांदा ऑपरेशन थिएटरच्या दारात पाय अडखळला, तेव्हा नातवानेच नर्सला सांगितलं, “ढकला आप्पांना.”

तलावावर त्यांचा खास राग दंडाला लावायच्या हवेच्या पट्ट्यांवर. “फुगे कसले लावता? वाढदिवस आहे का?” गंमत म्हणजे इथे मॅडम त्यांच्या बाजूच्या निघाल्या. त्या फुग्यांनी मूल पाण्यात उभंच राहतं, आडवं होत नाही. आणि आईबापांना वाटतं, आता लक्ष नाही दिलं तरी चालेल. आप्पा बरोबर निघाले याचा धक्का सगळ्यात जास्त आप्पांना बसला. त्या भरात त्यांनी मुरलीकांत पेटकर काढले. “आमच्या सांगली जिल्ह्याचे! १९७२, हायडेलबर्ग, पॅरालिंपिक, ५० मीटर फ्रीस्टाइल, सुवर्णपदक. त्यांना लावले होते का कुणी फुगे?” पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्यावर उपचाराचा भाग म्हणून जलतरणाकडे वळले, हा मधला भाग ते गाळतात. त्यात कोणी कोणाला ढकललेलं नाही.

तिकडे मॅडमचं काम आपलं चाललेलं. पहिल्या दिवशी पाय बुडवायचे. मग मग्ग्याने खांद्यावर पाणी, मग डोक्यावर, तेही मुलाने स्वतःच्या हाताने ओतायचं. मग पाण्याला गरम चहा समजून फुंकर मारायची. तीच फुंकर ओठ बुडवून मारली की बुडबुडे येतात, आणि नाकातोंडात पाणी जात नाही हे मुलाला स्वतःलाच कळतं. पायरीवर टाकलेलं रुपयाचं नाणं उचलायच्या नादात डोळे पाण्याखाली उघडतात. भ्यालेलं मूल मान वर ताणतं, मान वर गेली की पाय खाली जातात, पाय गेले की आणखी भीती. छातीत हवा भरून मान सैल सोडली, की अंग आपोआप वर येतं. मात्र ते अंगाला पटवायला आठवडा लागतो. आप्पांचा नातू तिसऱ्या दिवशीही काठाचा दांडा सोडेना. बोटांची पेरं पांढरी पडलेली, हनुवटी थरथरत होती. आणि जाळीबाहेरून मंत्रघोष चालूच.

ही कोंडी फोडली आक्कांनी, तीही घरी. आप्पांच्या थोरल्या बहीण, गावाहून द्राक्षं घेऊन आलेल्या. भावाची विहीर पुन्हा सुरू होताच त्या म्हणाल्या, “तुला कुणी ढकललं रं? आठ दिस पायरीवर बसून भोकांड पसरलं हुतंस. दादांनी कमरंला कासरा बांधला, पाठीला डबा बांधला, पोटाखाली हात घालून फिरवलं. नवव्या दिशी ढकललं, ते बी खाली दोघं जण पाण्यात हात पसरून हुतं!”

खोलीत शांतता पसरली. सून पाणी आणायच्या निमित्ताने आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

ढकलल्याच्या बहुतेक कहाण्यांत कुठेतरी असा एक कासरा असतो. पायऱ्या, डबा, पोटाखालचा हात हे सगळं विसरलं जातं; लक्षात राहतो तो शेवटचा धपकन आवाज. बांगलादेशात खेड्यातल्या तळ्यांत बांबूचा मंच उभारून त्यावर मुलांना पोहणं शिकवतात, तेही याच घराण्यातलं. विहिरीवरच्या त्या दादांना हे सगळं कोणी शिकवलं नव्हतं, तरी येत होतं. त्या विहिरीवर आता लोखंडी जाळी आहे. पाणी ठिबकने द्राक्षाला जातं, पोहायला कोणी उतरत नाही.

दुसऱ्या दिवशी आप्पा जाळीच्या आत होते. नियमाप्रमाणे टोपी सक्तीची, म्हणून केस नसलेल्या डोक्यावर निळी नायलॉनची टोपी. मोठ्या टँकमध्ये त्यांनी उताणं होऊन मांडी घातली, हात पोटावर ठेवले आणि तसेच तरंगत राहिले. बेबी टँकमधली पोरं ते बघायला काठाशी गोळा झाली. नातवानेही दांडा सोडला होता. हे त्याच्या स्वतःच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. नंतर आप्पा बेबी टँकमध्ये आले, त्याच्या पोटाखाली हात धरला आणि आठवडाभर धरून ठेवला. तोंडाने एक शब्द नाही. माणूस चिडखोर आहे, पण हात पक्का आहे, एवढं मान्य करावं लागतं.

जूनमध्ये वाण्याकडे ते सांगत होते, “नातू शिकला की! काही नाही, ढकलला.”

तेव्हा येत्या उन्हाळ्यात मुलाचा फॉर्म भराल, तर घरच्या आप्पांना जाळीबाहेर उभं करू नका. पोहता येत असेल तर त्यांच्याही नावाचा एक फॉर्म घ्या. टोपी मात्र लागेल.