वॅटकाका

मुलीचं लग्न ठरलं म्हणून पेढे द्यायला गेलो, तर वॅटकाका पेढा तोंडात टाकत म्हणाले, "उत्तम! मुलाकडचा मंजूर भार किती?"

मला वाटलं, देण्याघेण्याबद्दल विचारताहेत. पण काकांनी वीजबिलापलीकडचं मराठी कधीच सोडून दिलं आहे.

असा एक गृहस्थ प्रत्येक सोसायटीत असतोच. निवृत्त, सदऱ्याच्या खिशात पेनाशेजारी टेस्टर. दोन आकडे हाती लागले की उरलेले दोन काढल्याशिवाय त्याला जेवण जात नाही. व्होल्टेजला करंटने भागलं की रोध, गुणलं की वॅट. गेओर्ग ओहम या जर्मन मास्तराने रोधाचा नियम 1827 साली पुस्तकात मांडला, पण मायदेशात त्याची म्हणावी तशी कदर झाली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ली पदक दिलं ते 1841 साली. काका हे अशा हळहळीने सांगतात, की ओहमची फाईल त्यांच्याच टेबलावर अडकली होती असं वाटावं.

गेल्या डिसेंबरात तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचा गिझर पाणी तापवेना. मेकॅनिक म्हणाला, एलिमेंट गेलं, नवं टाका. काका मल्टिमीटर घेऊन हजर. "2000 वॅटचा गिझर, 230 व्होल्ट. म्हणजे 8.7 अँपिअर. 230 भागिले 8.7, साधारण साडेसव्वीस ओहम." स्विच पाडून, वायरी सोडवून एलिमेंट मोजलं. साडेसव्वीस! मग प्लगातलं व्होल्टेज पाहिलं, तर जेमतेम 200.

"एलिमेंट ठणठणीत आहे, वहिनी. 200 गुणिले 200, भागिले साडेसव्वीस. 1509 वॅट! व्होल्टेज रुपयात दोन आणे उतरलं, पण गिझरची ताकद चार आणे गेली. कारण वर्ग होतो ना, वर्ग!"

वर्ग म्हटल्यावर वहिनींना मुलाची शाळा आठवली. बस केव्हाच गेली होती. नव्या एलिमेंटचे पैसे वाचले हे खरं, पण त्या दिवशी पोरगं बिनअंघोळीचं, रिक्षाने गेलं.

काकांचा पराभव मी एकदाच पाहिला. माझ्या फ्रिजची एक वायर चिमट्याच्या मीटरमध्ये धरून त्यांनी 1 अँपिअर वाचला आणि जाहीर केलं, "230 वॅट!" पंखा दुरुस्त करायला आलेला वायरमनचा पोऱ्या स्टुलावरूनच म्हणाला, "काका, मोटर आहे ती. पॉवर फॅक्टर कोण लावणार? 0.7 धरा, 161 होतील." काका आठवडाभर गॅलरीत दिसले नाहीत. काकूंनी म्हणे मिसळ केली होती, तीही परत गेली. आठव्या दिवशी अवतरले ते पॉवर फॅक्टर घेऊनच. आता जिन्यात गाठून विचारतात, "तुमच्या पंपाचा किती?"

तरी घरात काही बिघडलं की आम्ही आधी त्यांनाच हाक मारतो. फुकट येतात, आणि बहुतेक वेळा बरोबर असतात.

तुम्ही त्यांच्याकडे गेलात तर दारावर बेल शोधू नका. वाजो न वाजो, ती चोवीस तास 2 वॅट खाते, वर्षाला साडेसतरा युनिट, म्हणून काकांनी ती उपटून ठेवली आहे. कडी वाजवा.