फेरफारास हरकत

प्रति,
श्री. आध्यात्मिक वारसदार,
मूळ राहणार चोरखमारा, ता. तिरोडा, जि. गोंदिया, हल्ली मुक्काम पुणे.

विषय : 'रोड रॅश' या गेमच्या वारसनोंदीबाबत व त्यापोटी मागितलेल्या वर्गणीबाबत.

महोदय,

(महोदयच म्हणतो. पैसे मागणाऱ्याशी अरे-तुरे केलं की नंतर नाही म्हणायला जड जातं.)

आपली साडेतीन मिनिटांची चित्रफीत मिळाली. नागझिरा अभयारण्याच्या आमच्या गेटजवळ एका झाडाखाली रेंज येते, तिथे उभं राहून पाहिली. मी मोबाईलमध्ये इतका गुंतलेला पाहून एका पर्यटकाने जिप्सी थांबवली आणि वाघ कुठे दिसला म्हणून विचारलं. वाघ नव्हता, आपण होतात. आपण 'रोड रॅश'चा आध्यात्मिक वारस काढणार, आणि जगभरच्या चाहत्यांनी त्याला पैसे द्यावेत, असं सांगत होतात. पाच हजारांना टी-शर्ट. पंचवीस हजार दिले तर माझा चेहरा गेममधल्या एका मोटारसायकलस्वाराला लावणार, म्हणजे जगभरची पोरं मला साखळीने बडवणार. पैसे भरून मार खायची ही रीत मला नवी आहे.

आधी 'आध्यात्मिक वारस' समजून घेऊ. आमच्याकडे वारस दोन जातीचे. एकाचं नाव सातबाऱ्यावर चढलेलं असतं. दुसरा 'म्हाताऱ्याचा जीव माझ्यावरच होता' असं सांगत गावभर फिरतो. आपण दुसऱ्या जातीचे. १९९१ पासून या जमिनीचा सातबारा इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या नावे आहे. कंपनी ती कित्येक वर्षं कसत नाही आणि ठेक्यानेही देत नाही. म्हणून नाव घ्यायचं नाही, पण ओळख तर पटली पाहिजे, अशी ही कसरत.

बरं, या जमिनीवर आधीच एक दावेदार येऊन गेला. 'रोड रिडेम्प्शन'वाल्यांनी २०१३ मध्ये किकस्टार्टर या वर्गणीच्या संकेतस्थळावर सुमारे पावणेदोन लाख डॉलर जमवले आणि पूर्ण गेम २०१७ च्या ऑक्टोबरात दिला. चार वर्षं लागली, पण दिला. दुसऱ्या जमिनींवरचे वारसही पाहा. 'मेगा मॅन'च्या जुन्या कारागिराने २०१३ मध्येच 'माईटी नंबर नाईन'साठी अडतीस लाख डॉलर उचलले. तारखा पुढे ढकलत २०१६ साली जे हाती ठेवलं, त्यावर वर्गणीदारच तोंड वाकडं करून बसले. उलट 'ब्लडस्टेन्ड' या अशाच वारसाने पंचावन्न लाख घेऊन २०१९ मध्ये उत्तम माल दिला. आणि आपल्या पुण्यातलाच दाखला : 'राजी'. नॉडिंग हेड्सची ही मंडळी 'प्रिन्स ऑफ पर्शिया'वर वाढलेली. २०१७ मध्ये त्यांची वर्गणी ठरल्या आकड्याला पोचली नाही, आणि किकस्टार्टरच्या नियमाने अर्धीमुर्धी जमलेली रक्कमही हाती येत नाही. एका संस्थापिकेने स्वतःचा फ्लॅट विकला. गेम २०२० मध्ये आला आणि जगात नावाजला गेला. आपण फ्लॅट विकणार आहात का, हे चित्रफितीत दिसलं नाही.

वर्गणी आम्हाला नवी नाही. दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, रात्री नाटक आणायचं तर मंडळ वडशाला जाऊन नाटक कंपनी ठरवतं, विसार देतं, मग पावतीबुक घेऊन दारोदार फिरतं. आपली टी-शर्टवाली योजनाही त्यात आहे : एकावन्न रुपये दिले की नाव भोंग्यावरून. फरक एवढाच, की पडदा त्याच रात्री उघडतो आणि खेळ पहाटेपर्यंत चालतो. 'नायक अजून तयार होतोय, दोन-तीन वर्षं धीर धरा' असं अध्यक्षाने माईकवर सांगितलं तर काय होईल, हे आपण जाणता. खुर्च्या भाड्याच्या असतात. शिवाय आमच्या झाडीपट्टीचं नाटक हे खुद्द दंडार या जुन्या लोकनाट्याचा वारसच की! त्याने दंडारीच्या आठवणीवर पैसे नाही मागितले; स्वतःच्या नावाने तिकीट लावलं.

आता मूळ मिळकतीकडे येतो. २००४ चा उन्हाळा. दहावीचे पेपर संपले आणि दोघांच्याही बापांनी आपल्याला तिरोड्याला एमएस-सीआयटीच्या क्लासला घातलं. काळीपिवळीच्या मागे लटकून जायचं. सर फळ्याकडे वळले की फोल्डरच्या आतल्या फोल्डरातून गेम उघडायचा. संगणक एक, पोरं दोन, म्हणून वाटणी झाली : बाणांच्या कळा आपल्याकडे, लाथ माझ्याकडे. आपण गाडी वळवायची, मी शेजारच्याला पाडायचं. सिएरा नेवाडा आणि नापा व्हॅलीतली वळणं आपल्याला साकोलीच्या रस्त्याआधी पाठ झाली. पहिला नंबर यायची वेळ झाली की लाईन जायची. पंखा थांबायचा, आणि सर वळून पाहायचे, की वर्डमध्ये समास सोडताना ही दोन पोरं एवढी घामाघूम का. (तिरोड्याला ३,३०० मेगावॅटचं वीजकेंद्र झालं, ते त्यानंतर कित्येक वर्षांनी.)

आपल्या चित्रफितीत पाऊस आहे, धुकं आहे, हेल्मेटवर चमकणारे थेंब आहेत. लाईन जाणं कुठेच नाही. सर नाहीत. आणि एका संगणकावर दोघांनी बसायची सोयही नाही. दुसऱ्याने आपल्या घरून, आपल्या इंटरनेटवर खेळायचं म्हणे.

सबब हरकत अशी, की आपण एकट्याने वारस म्हणून अर्ज केला आहे. लाथ माझी होती. सहहिस्सेदाराकडून त्याच्याच मिळकतीसाठी वर्गणी घेणं कुठल्या कायद्यात बसतं, ते कळवावं. तोवर धानाचा चुकारा जमा झाला की पाचशे एक रुपये पाठवतो. पाच हजार नाही. टी-शर्ट नको, पावती फाडा आणि गेम सुरू होताना भोंग्यावरून नाव घ्या.

कळावे,
आपला सहहिस्सेदार, चोरखमारा

ता. क. : यंदा मंडईला येशील तेव्हा जे काही अर्धंमुर्धं झालं असेल ते लॅपटॉपवर घेऊन ये. बाण तूच घे. लाथ कोणत्या कळेला ठेवलीस?