चोर सोडून वाळूला फाशी

कर्नाटकात, कावेरीकाठच्या तलकाडच्या वाळूत चपला हातात धरून चाललो होतो. पुढे भाचा, त्याच्या हातात माझाच दाढीचा ब्रश. पाताळेश्वराच्या देवळाच्या पायऱ्यांपाशी तो उकिडवा बसला आणि म्हणाला, "मामा, यातली संशयास्पद वाळू कुठली?"

शब्द त्याचा नव्हे, माइनक्राफ्ट या संगणकावरच्या खेळाचा. 2023 साली या खेळाच्या चाचणी-आवृत्तीत वाळूच्या दोन जाती झाल्या: साधी आणि संशयास्पद. दुसरी वाळवंटातल्या देवळांत आणि विहिरींपाशी सापडते. एक पीस, एक तांब्याची वीट आणि एक काठी जोडून ब्रश करायचा आणि तिला हळुवार झटकायचं. आतून खापराचा तुकडा निघतो, नशीब असेल तर हिरा. झटकून झालं की ती पुन्हा साधी वाळू. मामलेदार कचेरीत खेटे नाहीत, प्रतिज्ञापत्र नाही. पुढच्या एका चाचणीत त्या खापरांचं नाव 'शार्ड'वरून 'शर्ड' झालं. म्हणजे अपडेट उतरवून घ्यायचं ते एक काना उडवायला!

असू दे. काना गेल्याचं मला दुःख नाही. माझा जीव अडकलाय तो वाळूत. या खेळात झाडाचं खोड तोडलं तरी शेंडा हवेत तसाच. दगडी वाड्याचे सगळे खांब काढा, माडी ढिम्म हलत नाही. खाली पडायचं ते वाळूने, खडीने आणि असल्याच चार गरिबांनी. गुरुत्वाकर्षण आधीच तिच्या नावावर होतं, आता संशयही तिच्याच सातबाऱ्यावर चढवला.

भाच्याला म्हटलं, बाळा, इथे सगळीच संशयास्पद आहे. ही गंग राजघराण्याची राजधानी. चोळांचा पराभव केल्यावर होयसळांनी 1117 साली इथे कीर्तिनारायणाचं देऊळ बांधलं. आज इथली देवळं वाळूत गाडलेली, बघायला वर नाही, खाली उतरावं लागतं. कार्तिकातला सोमवार आणि नक्षत्र जुळलं की पंचलिंग दर्शन, म्हणजे इथल्या पाच शिवलिंगांचं दर्शन होतं. 2013 साली झालं, मग थेट 2020 साली. पूर्वी त्यासाठी देव वाळूतून उपसून काढावे लागत. आणि एवढ्या वाळूचा ठपका कोणावर? चारशे वर्षांपूर्वीच्या एका राणीवर. दागिन्यांसाठी शिपाई मागे लागले म्हणून तिने कावेरीत उडी घेतली आणि 'तलकाडची वाळू होवो' असा शाप दिला, म्हणे. अभ्यासक वेगळं सांगतात. वरच्या अंगाला बंधारा पडला, पाणी अडलं, पात्र उघडं पडलं आणि नैऋत्येच्या वाऱ्याने ती वाळू गावावर आणून टाकली. पण बंधाऱ्यावर संशय घ्यायचा म्हणजे तो कोणी घातला, कोणाच्या शेतासाठी घातला, हे विचारावं लागतं. त्यापेक्षा बाई बरी. ती बुडालेली आहे, खुलासा मागायला येणार नाही.

इथे वाळू आली आणि गाव गेलं. आमच्या भीमेकाठी वाळू गेली आणि गाव चाललंय. नदीतली वाळू म्हणजे पाण्याची गादी. ती पाणी धरून ठेवते, काठच्या विहिरींना पाजते. गादी उचलली की पात्र खोल जातं आणि विहिरीत पोहरा खडकावर आपटतो. हे शाळेतल्या पोरालाही कळतं, फक्त पोकलेनवाल्याला कळत नाही. ज्या वर्षी खेळातली वाळू संशयास्पद झाली, त्याच वर्षी आमच्याकडे सरकारी दराने वाळू 600 रुपये ब्रास मिळणार म्हणून पेढे वाटायचे तेवढे राहिले होते. मी कुंपणाच्या भिंतीला तीन ब्रास घेतली. दर विचारू नका. ती आली रात्री दोन वाजता, दिवे बंद केलेल्या गाडीतून, ताडपत्रीखालून पाणी गाळत. पावती मागितली तर ड्रायव्हरने माझ्याकडे असं पाहिलं की चोरी मीच केली आहे. आणि खरं सांगू? केलीच होती. ती भिंत आज माझ्या घराभोवती उभी आहे, तिच्यात नदीचा एक तुकडा चिणलेला आहे आणि मी तिच्याआड बसून पर्यावरणावर सदर लिहितो. मग म्हणे वाळू संशयास्पद! अहो, ती बिचारी नदीत पडून होती. उपसणारा सज्जन, वाहणारा सज्जन, नाक्यावर पाठ फिरवून चहा पिणारा सज्जन, भिंत बांधणारा तर लेखकच. झटकायचं कोणाला? वाळूला!

"मामा, ब्रश तुटला," भाचा म्हणाला. आतून काही निघालं नव्हतं, बिस्किटाचा एक कागद सोडला तर. मी त्याला विचारलं, ब्रश न लावता ती वाळू वरून खाली पाडली तर तुझ्या खेळात काय होतं?

"मग फुटून जाते. आतलं पण सगळं गायब. काही पुरावाच राहत नाही."

म्हणजे खेळ बनवणाऱ्यांनी आमच्या अंगणात रात्री दोन वाजता रिकामी होणारी गाडी पाहिलेली दिसते.