अप्पांचं चुंबक

जुनी गाडी घ्यायचा विचार तुम्ही अजून घरातही बोललेला नसतो, तेवढ्यात जिन्यात एक गृहस्थ आडवे येतात आणि विचारतात, ‘‘कितीला म्हणतोय?’’

हे गृहस्थ प्रत्येक सोसायटीत एक असतात. आमच्याकडे त्यांना अप्पा म्हणतात. तुम्ही कुठलाही आकडा सांगा, अप्पा डोळे मिटून मान हलवतात आणि म्हणतात, ‘‘गेलात.’’ खरा आकडा सांगा, निम्मा सांगा, मेहुणा फुकट देतोय म्हणून सांगा. अप्पांच्या हिशेबी तुम्ही गेलातच. मग ते खिशातून डायरी काढतात. ‘‘रविवारी सकाळी सातला निघू. इंजिन गार असताना बघायची असते.’’ तुम्ही त्यांना बोलावलेलं नसतं, हा मुद्दा तोवर मागे पडलेला असतो.

अप्पा पिंपरीच्या एका कारखान्यात जन्मभर इन्स्पेक्शन खात्यात होते. नोकरीतून निवृत्त झाले, पण नापास करण्यातून झाले नाहीत. पट्ट्यावरून येणारे पार्ट बंद झाल्यावर भाजीवाल्याचा काटा, सोसायटीची लिफ्ट, शेजारच्या लग्नातला बासुंदीचा दाटपणा असं काहीबाही नापास करत त्यांनी वर्षभर कसंबसं ढकललं. मग कुणीतरी त्यांना सहज म्हणालं, ‘‘अप्पा, एक सेकंडहँड गाडी बघायचीय, येता का?’’ त्या माणसाला आम्ही अजून शोधतो आहोत.

आता चुंबकाकडे वळू, कारण अप्पांकडे गाडीचा विषय निघाला की सगळं चुंबकापाशीच येतं.

ठोकलेल्या गाडीचा पत्रा ठोकून सरळ करतात, राहिलेला खड्डा पुट्टीने भरतात आणि वरून रंग मारतात. डोळ्याला कळत नाही. चुंबकाला कळतं, कारण पुट्टीचा थर जाड असला की ते धरत नाही. एवढंच शास्त्र आहे आणि ते बरोबर आहे. पण अप्पांनी त्याचा पंथ केला. सुरुवातीला ते फुटक्या रेडिओच्या स्पीकरमधलं चुंबक वापरत. त्याने एका गाडीच्या दरवाजावर चांगला वीतभर ओरखडा काढला. मालक भडकला, तेव्हा अप्पा शांतपणे म्हणाले, ‘‘रंग पण पातळ आहे.’’ तेव्हापासून त्यांनी स्वतःच्या फ्रिजवरचं चुंबक घेतलं. अष्टविनायकाच्या यात्रेत आणलेलं, ओझरच्या गणपतीचं. फ्लॅनेलच्या फडक्यात गुंडाळून ते शर्टाच्या खिशात असतं. या चुंबकाखाली काकू लाइटबिल लावतात. बिल जमिनीवर पडलेलं दिसलं की काकूंना कळतं, आज कुणाची तरी गाडी नापास होणार.

पद्धत ठरलेली आहे. गाडीपाशी गेल्यावर अप्पा मालकाकडे बघत नाहीत. आधी पुढचा डावा मडगार्ड, मग दरवाजे, मग डिकी, असं गाडीभोवती उजवी घालत चुंबक फिरतं. ‘टक्’ आवाज आला की अप्पा नाराज होऊन पुढे सरकतात. आवाज आला नाही की थांबतात आणि तेव्हा पहिल्यांदा मालकाकडे बघतात. मालक म्हणतो, ‘‘डॉक्टरांची गाडी आहे, साहेब.’’ (पुण्यातली प्रत्येक जुनी गाडी डॉक्टरांची असते. एवढे डॉक्टर पुण्यात असते, तर दवाखान्यात रांगा कशाला लागल्या असत्या?) अप्पा विचारतात, ‘‘डॉक्टर वाचले का?’’

रिकाम्या वेळीही चुंबक स्वस्थ बसत नाही. शेजाऱ्यांच्या लेकीच्या लग्नात फुलांनी सजवलेली नवरदेवाची गाडी दारात उभी होती. अक्षता पडत असताना अप्पा झेंडूच्या माळा बाजूला सारून मागचा दरवाजा तपासत होते. जेवायला बसल्यावर माझ्या कानाशी वाकून म्हणाले, ‘‘उजवी बाजू भरलेली आहे. मुलीकडच्यांना माहीत आहे का?’’

काकूंबरोबर भांड्यांच्या दुकानात गेले तरी तेच. चांगलं स्टील चुंबकाला धरत नाही, असा आपल्याकडच्या गृहिणींचा नियम आहे. म्हणजे एकाच चुंबकाने अप्पा भांडं चिकटलं म्हणून नापास करतात आणि गाडी चिकटली नाही म्हणून. मधल्यामध्ये पास काय होतं, हे मी त्यांना एकदा विचारलं. त्यांनी खूप वेळ विचार केला आणि म्हणाले, ‘‘आमच्या वेळचा माल.’’

तर अशा अप्पांना माझ्या भाच्याने गोव्याला न्यायचं ठरवलं. भाचा हिंजवडीत नोकरीला. चांगल्या पगाराची मुलं नवी एसयूव्ही घेतात. याला सॅन स्टॉर्म हवी होती. ज्यांना हे नाव माहीत नाही त्यांच्यासाठी: 1998 साली आलेली, गोव्यात तयार झालेली दोन सीटांची, उघड्या टपाची छोटी स्पोर्ट्स कार. रेल्वेची इंजिनं बनवणाऱ्या बंगळूरच्या उद्योगसमूहाने ती काढली. इंजिन रेनॉचं, 1149 सीसी, साठ हॉर्सपॉवर. तेव्हा आपल्या रस्त्यांवर मारुती 800 मागून मारुती 800 धावत होत्या आणि कुणीतरी छप्पर नसलेली गाडी विकायला काढली, तीही कोकणपट्टीच्या पावसात. फार खपली नाही, हे सांगायला नको. म्हणूनच भाच्याला ती हवी होती.

मी मुद्दाम एक गोष्ट अप्पांना सांगितली नाही. भाच्यालाही सांगू दिली नाही.

मडगावच्या अलीकडे एका वाड्यात फणसाखाली गाडी उभी होती. लाल, उन्हाने गुलाबीकडे झुकलेली. मालक बोटीवरून निवृत्त झालेले, लुंगीवर. अप्पांनी नेहमीप्रमाणे त्यांच्याकडे पाहिलं नाही. फडकं सोडलं, ओझरच्या गणपतीला कपाळाला लावलं आणि पुढच्या डाव्या मडगार्डला टेकवलं. गणपती खाली पडले. अप्पांनी उचलले, पुसले, थोडे वर लावले. पुन्हा पडले. दरवाजा. पडले. बॉनेट. घसरत येऊन नंबरप्लेटवर टक्कन बसले. अप्पांच्या चेहऱ्यावर आधी आनंद होता, मोठा मासा गळाला लागल्याचा. मागच्या चाकापर्यंत येता येता त्याची काळजी झाली आणि डिकीपाशी ते चक्क घाबरले. ‘‘अरे,’’ ते हलक्या आवाजात भाच्याला म्हणाले, ‘‘या गाडीत गाडीच नाही. नुसती पुट्टी आहे.’’

मालक पायरीवरूनच म्हणाले, ‘‘तें फायबर, पात्रांव.’’

सॅन स्टॉर्मचं अख्खं अंग फायबरग्लासचं असतं. मी फणसाआड जाऊन मनसोक्त हसून आलो. परत आलो तेव्हा अप्पा चहा घेत होते, बिनसाखरेचा. त्यांची फी हीच असते. दुसरं काही दिलं तर रागावतात. कप खाली ठेवला आणि चुंबक खिशात टाकलं. मग पुढचे दोन-अडीच तास त्यांनी जे केलं, ते मी आधी कधी नीट पाहिलंच नव्हतं, कारण चुंबकावर हसण्यातच माझा वेळ जायचा.

इंजिन गार आहे का ते बॉनेटवर हात ठेवून बघतात. फायबरला ऊब कळत नाही, म्हणून त्यांनी बॉनेट उघडून थेट इंजिनला हात लावला. तेलाचं झाकण काढून आतल्या बाजूने बोट फिरवलं. तिथे पांढरट साय असेल तर तेलात पाणी शिरतंय, हेड गॅस्केट गेलंय. नव्हती. भाच्याला स्टार्टर मारायला लावला आणि स्वतः सायलेन्सरमागे उकिडवे बसले. निळसर धूर सुटला आणि विरला. ‘‘थोडं तेल खातेय. या वयात सगळेच खातात.’’ टायमिंग बेल्ट कधी बदलला, असं विचारल्यावर मालक म्हणाले, ‘‘बदलला असेल.’’ ‘‘म्हणजे नाही,’’ असं अप्पांनी डायरीत लिहिलं. टायरची नक्षी छान शिल्लक होती. अप्पांनी बाजूवरचे चार आकडे वाचून दाखवले, 3209, म्हणजे 2009 सालच्या बत्तिसाव्या आठवड्यातला माल. ‘‘हे रबर नाही, लाकूड आहे. चारही टाक.’’ दरवाजाच्या कोपऱ्यात रंगाला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे होते, तिथे कधीतरी टोला बसला होता. कापडी टपाच्या शिवणीत नख घातलं. चासी नंबरवर कागद धरून पेन्सिल घासली आणि तो ठसा आरसी बुकाशी अक्षर-अक्षर ताडून पाहिला. पंधरा वर्षांनंतरची फेरनोंदणी झाली आहे का? बँकेचा बोजा उतरला आहे का? गोव्याची गाडी महाराष्ट्रात न्यायची तर एनओसी लागेल, रोड टॅक्स पुन्हा भरावा लागेल, हे भाच्याला ठाऊक आहे का? नव्हतं.

मग ते म्हणाले, ‘‘खड्डा कुठे आहे?’’

कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये गाडी खड्ड्यावर घेतली. सत्तरीला आलेले अप्पा शर्ट काढून, बनियनवर खाली उतरले. या गाडीचं अंग फायबरचं, पण आतला सांगाडा लोखंडी, आणि समुद्राची हवा वरच्या रंगाला सोडते, खालच्या लोखंडाला सोडत नाही. अप्पा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने नळी-नळी ठोकत गेले. टण. टण. टण. ड्रायव्हरच्या सीटखाली आवाज बसला. वरून काळा जाड रंग मारलेला होता, सगळ्या गाडीला होता तसाच. अप्पांनी वर हात केला. ‘‘चुंबक दे.’’ ते बाहेर शर्टात राहिलं होतं. मी मुकाट्याने दिलं.

नळीला सगळीकडे टक्क धरलं. त्या एका वीतभर जागी गणपती पुन्हा पडले. कुणीतरी कुजलेली नळी फायबरची पट्टी चिकटवून झाकली होती आणि वर काळं फासलं होतं. भाचा त्या जागेच्या बरोबर वर बसून घाट उतरणार होता.

मला वाटलं, आता ‘नापास’. अप्पा वर येईनात. खाली वाकून बघितलं तर ते बॅटरी धरून एका बोल्टकडे बघत होते. बोल्टच्या डोक्यावर पिवळ्या रंगाचा टिपका होता, निम्मा झडलेला. ‘‘हा आमच्या लोकांचा,’’ म्हणाले. बोल्ट नीट आवळला आहे हे तपासलं की इन्स्पेक्शनवाला ब्रशने असा टिपका देतो. वर्षानुवर्षं अप्पांनी हेच केलं होतं, दुसऱ्यांनी बनवलेल्या गाड्यांवर, ज्या गाड्या त्यांना स्वतःला कधी परवडल्या नाहीत. ‘‘कोणीतरी खाली वाकून बघितलंय हे. एवढ्याशा कारखान्यात. गाडी चालणार नाही हे त्यालाही कळलं असेल.’’ त्यांनी पाना लावून बोल्ट हलवून पाहिला. हलला नाही. मग वर येऊन हात पुसत भाच्याला म्हणाले, ‘‘घे.’’

अप्पांच्या तोंडून हा शब्द कुणीच ऐकलेला नसल्यामुळे भाच्याने दोनदा विचारून घेतलं. वेल्डिंग, टायर आणि बेल्टचे पैसे किमतीतून वजा झाले. मालकांनीही फार ताणलं नाही. पट्टीचं त्यांना खरंच माहीत नव्हतं.

काढायचाच तर आता एक जुना किस्साही काढतो, जो मी इतकी वर्षं अप्पांच्या खात्यावर जमा केला नव्हता. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत हजारो गाड्या बुडाल्या. पुढे त्यातल्या कितीतरी धुऊन-पुसून घाटावर आल्या. माझ्या मेहुण्याने अशीच एक चकाचक गाडी ठरवली होती. चुंबक सगळीकडे चिकटलं. अप्पा अस्वस्थ झाले, कारण नापास करायला काही सापडेना. शेवटी सीटबेल्ट धरून ओढत बसले, अगदी संपेपर्यंत. आत गुंडाळून राहिलेल्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाची तपकिरी रेघ होती. सीटकव्हर बदलतात, गालिचा बदलतात, वास घालवतात. पट्टा शेवटपर्यंत ओढून कुणी धूत नाही. मेहुण्याचे पैसे वाचले. त्याने अप्पांचे आभार मानले नाहीत, कारण गाडीचा रंग त्याला फार आवडला होता.

आता हे सगळं सोपं झालं आहे. हातात टॅब घेतलेला एक मुलगा येतो, गाडीभोवती हिंडतो, फोटो काढतो आणि शंभर-दीडशे हिरव्या टिकांचा अहवाल तुमच्या फोनवर येतो. काचेवर ‘सर्टिफाइड’ असा चिकटपट्टा लागतो. एवढं तपासून त्या मुलाच्या कपड्यांची इस्त्री मात्र मोडलेली नसते. खड्ड्यात उतरला असता तर मोडली असती. त्याला दोष देत नाही. त्याला दिवसाला किती गाड्या उरकायच्या असतात, आणि गाडी खपली तर त्याच्या कंपनीचा फायदा असतो. अप्पांना तुमची गाडी खपण्यात काडीचाही रस नाही. किंबहुना ती खपू नये असंच त्यांना मनापासून वाटतं, आणि तुमच्या पैशाची याहून चांगली राखण मला तरी माहीत नाही.

म्हणून सांगतो, जुनी गाडी घेणार असाल तर तुमच्या जिन्यात जे कोणी अप्पा असतील त्यांना टाळू नका. सकाळी सातला निघा, आदल्या रात्री गाडी कुणी फिरवू नये असं मालकाला बजावून ठेवा, जवळपास खड्डा असलेलं गॅरेज कुठे आहे ते शोधून ठेवा. गाडी फायबरची असेल तर आधी बोलू नका. आणि चहा बिनसाखरेचा सांगा.