रबर घरी ठेवा

स्वारगेटला गाडी उशिरा येणार म्हटल्यावर ज्याचा चेहरा खुलतो, तो माणूस एकतर प्रेमात पडलेला असतो किंवा त्याच्या खिशात स्केचची वही असते. माझं वय पाहता पहिली शक्यता घरच्यांनी केव्हाच सोडून दिली आहे. तळहाताएवढी वही आणि एक काळं जेल पेन, एवढ्या भांडवलावर हा उद्योग चालतो. रबर मी मुद्दाम घरी ठेवतो. ते जवळ असलं की आपण नाक काढतो, खोडतो, पुन्हा काढतो, आणि तोवर त्या नाकाचा मालक सातारा गाडीत बसून कात्रजच्या पुढे गेलेला असतो.

बँकेत हातात ८७ नंबरचं टोकन आणि समोर पाटीवर ३१ दिसलं की लोकांचे चेहरे पडतात. मला ते पडलेले चेहरेच हवे असतात. रांग भराभर सरकू लागली की माझा जीव खालीवर होतो. अलीकडे कारभार सुधारतोय म्हणतात. देशाच्या दृष्टीने ते चांगलंच असणार, पण माझी अर्धवट राहिलेली पानं वाढत चालली आहेत.

आमच्या पिढीची आणि चित्रकलेची गाठ पडली ती एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांत. त्यात ‘स्मरणचित्र’ नावाचा पेपर असायचा. भाजीबाजार काढा म्हटलं की वर्गातल्या सगळ्यांना एकच बाजार आठवायचा. भाजीवाली नऊवारीत, हातात तराजू, समोर पिशवी धरलेली बाई आणि मागे नारळाचं झाड. पुण्याच्या भाजीबाजारात नारळाचं झाड कुणी पाहिलं होतं? पण कागद रिकामा दिसला तर मार्क जातात, म्हणून ते लावावं लागे. पुढे महात्मा फुले मंडईत वही घेऊन बसलो तेव्हा भाजीवाली पहिल्यांदा नीट पाहिली. तिच्या अंगावर साडी, त्यावर नवऱ्याचा शर्ट, मान आणि खांदा यांच्यात दाबलेला फोन, एक हात इलेक्ट्रॉनिक काट्यावर आणि दुसरा गिऱ्हाईकाने उचललेल्या जादा मिरच्या परत घेण्यात गुंतलेला. परीक्षेत हे काढलं असतं तर सरांनी नापास केलं असतं.

मंडईची इमारतही काही कमी नाही. १८८६ साली ती ‘रे मार्केट’ म्हणून उघडली, गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने. मधला मनोरा अष्टकोनी आहे. पुढे कुणी हे चित्रात काढायला बसेल, याचा विचार बांधणाऱ्यांनी अजिबात केलेला दिसत नाही. तीन बाजू सरळ दिसतात, चौथी दिसतेय की नाही यावर आपलं आपल्याशीच भांडण होतं, आणि माझ्या वहीतला मनोरा शेवटी शनिवारवाड्याकडे झुकतो तो झुकतोच.

“काय लिहिताय? मोजणीवाले का?” भाजीवाल्या मावशींनी विचारलं.

“नाही मावशी, तुमचं चित्र काढतोय.”

“मग बसा की. पण गिऱ्हाईक अडवू नका.” मग वहीत डोकावून, “माझं नाक एवढं हाय?”

मी म्हटलं, पेन जरा जाड आहे. त्यांनी नाकाचा विषय सोडला आणि टोपलीत वांगी कमी का दाखवली, हे विचारलं. सकाळी पाटीभर आणली होती म्हणे. वांगी वाढवून दिली. कलावंताने कुठे झुकावं याचं तारतम्य हवं.

मोबाइलवर कुणी कितीही टीका करो, स्केच करणाऱ्यावर त्याचे अनंत उपकार आहेत. पूर्वी माणूस दोन मिनिटं एका जागी टिकत नसे. आता मान खाली घालून पुतळ्यासारखा बसतो. तोटा इतकाच की वहीतली सगळी प्रजा एकाच दुःखात बुडालेली दिसते. म्हशीचं मात्र बरं असतं. ती मान वर ठेवून बसते, हलत नाही आणि चित्र पाहायला मागत नाही. हात काढणं सगळ्यात अवघड. माझ्या चित्रांतले बहुतेक पुणेकर हात खिशात घालून का उभे असतात, त्याचं कारण स्वभाव नव्हे, माझी सोय आहे.

मागे येऊन उभे राहणारे, हा स्वतंत्र विषय. एक जण नुसता श्वास सोडतो. दुसरा म्हणतो, “आमचा भाचा काढतो, हुबेहूब.” या भाच्याला मी कधी भेटलेलो नाही, पण गावोगावी त्याची कीर्ती ऐकली आहे. तिसरा थेट विचारतो, “याचे मिळतात किती?” काही नाही म्हटलं की तो शेजारच्याकडे सहानुभूतीने पाहतो. फोटो काढायला गेलो असतो तर यातला प्रत्येक जण भांडला असता. पेन दिसलं की मात्र भांग सारखा करतात.

असं जागेवर बसून, डोळ्यांपुढचं काढण्याला आता जगभर मंडळं आहेत. गॅब्रिएल कॅम्पानारिओ या सिॲटलच्या पत्रकाराने २००७ साली ‘अर्बन स्केचर्स’ हा उद्योग सुरू केला आणि तो शहरोशहरी पोचला. पण आपल्याकडे व्यंगचित्रकार मारियो मिरांडांनी त्याच्या कितीतरी आधी गोव्यात हेच केलं होतं. लहानपणी ते घरच्या भिंती रंगवायचे, म्हणून आईने कोरी वही आणून दिली. त्या वहीची पुढे चित्ररूप रोजनिशी झाली, आणि १९४९ ते १९५१ च्या त्यांच्या रोजनिशा पुस्तकरूपाने निघाल्या आहेत. त्यांत एक अख्खं गाव नांदतं. त्या माउलीला भिंतींची काळजी होती, कलेची नव्हे. तरी कलेचं एवढं भलं क्वचितच कुणी केलं असेल.

तेव्हा एसटी स्टँडवर, मंडईत किंवा दवाखान्याच्या बाकावर एखादा मध्यमवयीन गृहस्थ तुमच्याकडे वारंवार पाहतोय आणि खाली मान घालून काही खरडतोय असं दिसलं, तर कृपा करून पोलिसांना बोलावू नका. हात खिशात घाला, तीन मिनिटं हलू नका, आणि भाच्याचा विषय काढू नका.