पाइनच्या एलचे कोल्हापुरी रसग्रहण

एल ही जवाच्या माल्टपासून, म्हणजे भिजवून मोड आणलेल्या आणि नंतर भट्टीत वाळवलेल्या जवापासून, काहीशा उबदार तापमानाला आंबवलेली बिअर होय. मोड आणण्याची विद्या मिसळीच्या निमित्ताने कोल्हापुरात घरोघरी अवगत असली, तरी मोड आलेले धान्य कट, फरसाण आणि पाव यांखेरीज अन्य मार्गानेही कृतार्थ होऊ शकते, हा विचार येथे फारसा रुजलेला नाही. स्कॉटलंडमध्ये तो रुजला. परंतु बिअरला कडवटपणा देणाऱ्या आणि ती टिकवणाऱ्या हॉप्स नावाच्या वेलीची फुले तेथील थंड, ओल्या हवेत नीट येत नसल्याने, जे हाताशी होते ते, म्हणजे पाइन आणि स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षांची वसंतातील कोवळी पालवी, लोकांनी एलमध्ये घातली. अलोआ येथील विल्यम्स ब्रदर्स या मद्यशाळेने ‘आल्बा’ या नावाने ही परंपरा पुन्हा बाटलीत आणली असून, या एलमधील मद्यार्काचे प्रमाण साडेसात टक्के, म्हणजे नेहमीच्या बिअरच्या दीडपट आहे.

अशा पेयाचे परीक्षण रंग, फेस, गंध, चव आणि घोट गिळल्यानंतर मागे राहणारी चव या पाच रकान्यांत करण्याची रीत आहे. हे रकाने कोल्हापुरी परीक्षकाच्या हाती पडले असता काय घडेल, याचा विचार उद्बोधक ठरतो.

रंगाविषयी मतभेदास जागा नाही. पिंगट तपकिरी रंगाचे हे पेय तांबड्या आणि पांढऱ्या रश्श्याच्या मधोमध कोठेतरी पडते, आणि मधल्या प्रदेशाविषयी कोल्हापूरला कधीच विशेष ममत्व वाटलेले नाही. त्यातच पेल्यावर तर्रीचा मागमूस नसल्यामुळे, पहिला रकाना उदार मनाने, पण कोरा सोडला जाण्याची शक्यता अधिक.

फेसाच्या रकान्यात मात्र परीक्षकाचा अधिकार वादातीत आहे. गंगावेशीतील दूध कट्ट्यावर म्हैस समोर उभी करून, धार थेट पेल्यात काढून देण्याची प्रथा आहे. धारोष्ण, म्हणजे धारेबरोबर आलेल्या उबेसह प्यायच्या या दुधावर, धारेच्या जोरानेच बोटभर जाड फेस चढतो आणि पिणाऱ्याच्या मिशीवर पांढरी किनार ठेवून जातो. एलचा फेस कर्बवायूच्या बुडबुड्यांचा आणि दुधाचा हवेच्या बुडबुड्यांचा असला, तरी दोन्हीकडे ते बुडबुडे धरून ठेवण्याचे काम प्रथिनेच करतात. फेस धरून पेला भरलेला मानावा की फेस वगळून, हा इंग्लंडमधील मद्यगृहांत जुना वाद असून, ‘मामा, फेस खाली बसू दे, मग अजून एक धार मारा’ या एका वाक्यात कट्ट्यावर तो कोणताही कायदा न करता निकाली निघतो.

तिसरा रकाना गंधाचा. पाइन आणि स्प्रूस यांच्या वासात पाइनीन हे उडून जाणारे तैलद्रव्य मुख्य असते आणि पाइनच्या डिंकापासून काढलेल्या टर्पेंटाइनमध्येही तेच विपुल असते. बाबूराव पेंटरांच्या या कलापुरात तैलरंग पातळ करण्यासाठी टर्पेंटाइनचा वापर पिढ्यान्‌पिढ्या होत आल्याने, पेला नाकाशी नेताच ‘ह्यात ब्रश बुडवायचा का?’ असा प्रश्न उपस्थित झाल्यास तो अरसिकतेचा नव्हे, तर सूक्ष्म घ्राणशक्तीचा पुरावा मानावा लागेल. शिवाय हेच पाइनीन काळ्या मिरीत असते आणि जिऱ्यातही असते. तालमीत बदाम, खसखस, बडीशेप आणि मिरी दगडी कुंडीत घोटून केलेली थंडाई जो पैलवान पितो, तो पाइनच्या अरण्याशी रासायनिक सोयरीक जोडूनच आखाड्यात उतरतो, फक्त याची कल्पना त्याला किंवा त्याच्या वस्तादांना कोणी दिलेली नसते.

चवीला ही एल आधी माल्टची गोडसर, मग राळेसारखी रानटी आणि शेवटी किंचित तुरट लागते. या तुरटपणाचा त्रास थोरामोठ्यांनाही झाला आहे. कॅप्टन जेम्स कुक याने 1773 मध्ये न्यूझीलंडच्या डस्की साउंड येथे खलाशांसाठी स्प्रूससारख्या दिसणाऱ्या रिमू वृक्षाच्या डहाळ्यांची बिअर केली, तेव्हा नुसत्या रिमूचा तुरटपणा सोसवेना म्हणून तिच्यात मानुका या झुडपाचा पाला मिसळावा लागला. गोडव्यासाठी आणि आंबण्यासाठी तिच्यात उसाची मळी होती. अमेरिकेतील ब्रिटिश सेनापती जेफ्री ॲम्हर्स्ट यानेही आपल्या रोजनिशीत स्प्रूस आणि मळी यांच्या बिअरची कृती उतरवून ठेवली आहे. कारखान्यातील मळी आणि गुऱ्हाळावरील काकवी ही चुलत भावंडे असल्याने, 1895 मध्ये शाहू महाराजांनी वसवलेल्या शाहूपुरीच्या गूळपेठेला या कृतीतील निम्मे साहित्य परके नव्हते, असे म्हणता येते. उरलेल्या निम्म्यासाठी मात्र पन्हाळ्यावर कितीही शोध घेतला तरी स्प्रूस सापडणार नाही.

खरी अडचण पाचवा रकाना भरल्यानंतर सुरू होते. मागे राहणारी चव लांबते की तुटते, याची चर्चा संपताच कोल्हापुरी परीक्षक जो प्रश्न विचारील, त्याला छापील तक्त्यात जागाच नाही. तो प्रश्न असा की, ‘ते सगळं खरं, पण अंगाला लागतंय का?’ मल्लविद्येच्या या नगरीत दूध, थंडाई, इतकेच काय, पांढरा रस्साही याच कसोटीवर तोलला जातो, आणि चव हा त्यावरचा वरकड नफा समजला जातो. पाश्चात्त्य रसिकांस ही कसोटी गावंढळ वाटू शकेल. परंतु इतिहास कोल्हापूरच्या बाजूचा आहे. कुकने ती बिअर गंधाच्या छटांसाठी केली नव्हती. ताज्या भाजीफळांअभावी हिरड्या सुजून दात हलू लागतात तो स्कर्व्ही नावाचा रोग खलाशांना होऊ नये, एवढाच त्याचा हेतू होता. म्हणजे या पेयाचा हा जुना परीक्षकही अंगाला लागण्याचाच हिशेब मांडत होता, आणि चवीचे पाच रकाने पुढे, पोटे भरल्यावर, आखले गेले.

दुर्दैव असे की, त्या कसोटीवर हे पेय पुरते उतरत नाही. पालवीत क जीवनसत्त्व असते, परंतु ते उष्णतेने नष्ट होत असल्याने, पालवी उकळून आणि पुढे आंबवून केलेल्या बिअरमध्ये त्याचा अंशच उरतो. धारोष्ण दुधाला विस्तवच लागत नाही, हे कट्ट्यावरील मंडळी या ठिकाणी अभिमानाने निदर्शनास आणून देतील. मात्र न तापवलेल्या दुधातून जंतूही तितक्याच ताजेपणाने पोटात जातात, या वैद्यकीय आक्षेपाकडे ती तेवढ्याच अभिमानाने दुर्लक्ष करतील. तात्पर्य, पाइनच्या एलला कोल्हापुरात रंगाला कमी, फेसाला बरे, गंधाला कलाशाखेचे आणि चवीला सवलतीचे गुण मिळतील, परंतु अंतिम निकाल राखून ठेवला जाईल. कारण तो देण्यापूर्वी ती महिनाभर रोज पिऊन एखाद्याने खासबागेत कुस्ती मारून दाखवणे आवश्यक आहे, आणि साडेसात टक्क्यांच्या पेयाचा तसा खुराक लावण्यास कोणताही वस्ताद परवानगी देणार नाही.