इफेक्टभाऊ

नागपूर विमानतळालगतच्या मिहानमधल्या कुठल्याही आयटी कंपनीत जा, मजल्यागणिक एक इफेक्टभाऊ असतोच. एरवी हा माणूस अगदी साधा. खापरीला मेट्रोतून उतरतो, बायकोनं आणलेला शर्ट मुकाट्यानं घालतो, कँटीनमध्ये पुढ्यात येईल ते जेवतो. पण पॉवरपॉइंट उघडलं की त्याच्या अंगात येतं.

साधा चौकोन त्याला बघवत नाही. "काऊन बे, असा उघडाबोडका पाठवून राहिला साहेबाकडे?" म्हणत तो तुम्हाला खुर्चीवरून उठवतो आणि माउस ताब्यात घेतो. आकाराला नटवायला तिथं सावली, प्रतिबिंब, चकाकी, मऊ कडा, उठाव आणि थ्रीडी असे सहा प्रकार असतात. शहाणा माणूस त्यातला फार तर एक घेतो. भाऊ कोणालाच नाराज करत नाही. चकाकीची तयार मापं ५, ८, ११ आणि १८ पॉइंट. भाऊची सुरुवातच १८ पासून. पाच मिनिटांत 'प्रलंबित कामे' हा चौकोन साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत होऊन चमकू लागतो. १९८७ साली पॉवरपॉइंट आलं तेव्हा ते कृष्णधवल होतं, हे ऐकल्यावर भाऊ हळहळला होता. "कसे दिवस काढले असतील राजेहो लोकांनी!"

नटवून झालं की नाचवणं. शीर्षकातलं एकेक अक्षर उड्या मारत येतं. अमेरिकेतला क्लायंट सकाळी मीटिंगला बसतो; भाऊचं 'गुड मॉर्निंग' पुरं होईस्तोवर त्याची दुपार होते. त्यात स्क्रीन शेअर करताना नेट अडखळलं की गिरक्या घेत येणारा बाण अधांतरीच लटकतो. खिडकीबाहेर खरी विमानं सरळ येऊन धावपट्टीवर टेकतात, आत भाऊचा बाण घिरट्या घालतो आणि क्लायंट विचारतो, "हा उतरणार कधी?"

समजवायला गेलं तर भाऊचा बिनतोड सवाल तयार. "मिहान तरी आधी कुठं होतं? स्लाइडवरच ना! २००२ मध्ये विमानतळ विकास कंपनी निघाली, तवापासून आपण किती वर्षं चित्रंच पाहिली. आता एम्स आलं, आयआयएम आलं, तुम्ही-आम्ही आलो. चित्रात चकाकी नसती तं इथं आलं कोण असतं?" यावर आपण चहा मागवतो.

मात्र भाऊचं एक गुपित सगळ्या मजल्याला ठाऊक आहे. तिमाही चांगली गेली की त्याची स्लाइड सोज्वळ असते. आकडे घसरले की चकाकी चढते, आणि फारच घसरले की चौकोनाखालची सावली लांबलचक पडते. सावली लांबली की दिवस कलला, एवढं कळायला एमबीए लागत नाही. लोक आकडे न वाचता सावली बघून सीव्ही अपडेट करायला घेतात.

मे महिन्यात पुण्याहून नवे साहेब आले. पहिल्याच दिवशी फर्मान सुटलं: पांढरी पाटी, काळी अक्षरं, काहीही हलता कामा नये. भाऊनं मुकाट्यानं सगळं उतरवलं. मोठ्या मीटिंगमध्ये पडद्यावर एकच ओळ आली, 'या तिमाहीत तक्रारी दुप्पट झाल्या'. ती उडाली नाही, फिरली नाही, चमकली नाही. जिथल्या तिथं ठाम उभी राहिली. बघायला दुसरं काहीच नसल्यामुळे सगळ्यांनी ती वाचली. वरिष्ठांनी तर दोनदा वाचली आणि साहेबांकडे बघितलं.

एसी १८ वर असूनही साहेबांना घाम फुटला. ते भाऊकडे झुकले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "अहो भाऊ, जरा सावली करा ना."